उतारवयातले हृदय आणि त्याचा बचाव

रक्तपुरवठा थोडा वेळ थांबून सुरू झाला, तर हृदय पुढच्या मोठ्या आघातासाठी तयार होते. 1986 मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात मरी, जेनिंग्ज आणि रीमर यांनी कुत्र्यांवरील प्रयोगात हे दाखवले. रक्तवाहिनी पाच-पाच मिनिटे चार वेळा बंद करून मग 40 मिनिटे बंद ठेवली, तेव्हा मेलेला स्नायू एरवीच्या जेमतेम पाव भरला. अ‍ॅडेनोसिनसारखी द्रव्ये पेशीला धोक्याची वर्दी देतात; वय वाढते तशी ही वर्दी क्षीण होते. इटलीतील अबेते यांच्या गटाला 1997 मध्ये असे आढळले, की हृदयविकाराच्या झटक्याआधी येऊन गेलेली छातीतली कळ, म्हणजे रक्तपुरवठा थोडा वेळ कमी पडल्याची खूण, पासष्टीच्या आतल्यांना संरक्षण देते, वृद्धांना नाही.

पण झटका आलेल्या रुग्णांवरील टीआयएमआय-4 या चाचणीत वृद्धांतही संरक्षण दिसले होते, मग खरे काय? माझ्या मते वयाचा आकडा एकटा निर्णायक नाही. अबेते यांनाच 2001 मध्ये भरपूर हालचाल करणाऱ्या वृद्धांत हे संरक्षण टिकलेले आढळले. मधुमेह मात्र ते कमी करतो. म्हणजे शेतात रोज राबणारे आजोबा आणि खाटेवर बसून असलेले आजोबा यांचे हृदय सारखे नसावे. तरीही या बचावावर विसंबणे धोक्याचे. अकोले तालुक्यातल्या डोंगराळ वाड्यांतून लोणी किंवा अहिल्यानगरचे रुग्णालय गाठण्यात मोलाचा वेळ जातो, आणि वृद्धांत अनेकदा कळ न येता नुसता दम लागतो, घाम फुटतो. अशा वेळी पित्त समजून थांबू नका, लगेच 108 ला फोन करा.