पठारावरील पवनचक्क्या आणि आपला सात-बारा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक होते, वधूवर-सूचीची चर्चा होते आणि वसतिगृहाच्या निधीसाठी आपल्याला आवाहन केले जाते. यंदा मंडळाने मला निराळाच विषय नेमून दिला आहे. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबांची मूळ गावे सातारा जिल्ह्यात, विशेषतः सातारा व पाटण तालुक्यांच्या डोंगरमाथ्यावर आहेत. माणसे मुंबई-पुण्यास राहतात, नावे मात्र गावच्या सात-बारावर आहेत. त्या नावांचा शोध घेत माणसे दारी येऊ लागली आहेत, म्हणून या विषयाची निकड.

चाळकेवाडी, ठोसेघर, वनकुसवडे ही नावे आपल्यापैकी अनेकांना बालपणापासून ठाऊक आहेत. समुद्रसपाटीपासून हजार-अकराशे मीटर उंचीवरचे हे सडे. पावसाळ्यात तेथे माणसाला उभे राहू न देणारा वारा आणि उन्हाळ्यात गवताच्या वाळल्या काड्या. नाचणी आणि वरी यांच्यापलीकडे त्या जमिनीने कोणाला फारसे काही दिले नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मात्र तो वाराच मौल्यवान ठरला आणि पाहता पाहता माथ्यावर शेकडो पवनचक्क्या उभ्या राहिल्या. विजेसाठी जागा देणे आपल्या मुलखास नवे नाही. कोयनेच्या जलाशयाखाली ज्यांची घरे गेली, त्यांच्या वंशजांपैकी काही या सभेतही बसले आहेत. देशाला वीज हवी, याबद्दल त्यांनीही कधी वाद घातला नाही. वाद होता तो आपल्या पदरी काय पडले, याचा.

आता गावकऱ्यांच्या तक्रारींकडे वळतो. त्यांतील काही खऱ्या आहेत, काही खोट्या आहेत, आणि खोटी तक्रार पुढे केल्याने खरीचे वजन कमी होते, असे माझे मत आहे.

सर्वांत गाजलेली तक्रार पावसाची. २००३ च्या दुष्काळात सातारा, सांगली व धुळे या जिल्ह्यांत गावोगाव बोलले जाई की हे पंखे ढग उडवून लावतात. मला वाटते, घोटाळा त्या ‘पंखा’ शब्दातच आहे. घरातला पंखा वीज खाऊन वारा देतो. पवनचक्की वारा खाऊन वीज देते. तिच्या मागे वारा वाढत नाही, थोडा मंदावतो. ती ढग ढकलील कशाने? पावसाचे बाष्प घेऊन येणारा थर काही किलोमीटर जाडीचा असतो आणि चक्क्यांची उंची शे-दीडशे मीटरची. श्रावणात वनकुसवड्यास जाऊन पाहावे, ढगच त्या चक्क्यांना गिळून बसलेले असतात. माण-खटाव हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे, हे आम्ही भूगोलाच्या तासाला शिकवीत आलो. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा पठारावर एकही चक्की नव्हती. उलट २००५ साली आणि पुन्हा २०१९ साली कृष्णा-कोयनेला महापूर आले, तेव्हा त्याच चक्क्या तेथे उभ्या होत्या. तेव्हा पावसाचा हा आरोप आपण सोडून द्यावा. तो घेऊन कोणी कचेरीत गेला की साहेब हसतो आणि त्याच अर्जातील रस्त्याची, मोबदल्याची खरी तक्रारही हसण्यावारी जाते.

आवाजाची तक्रार तशी नाही. चक्की घरापासून दूर असेल तर तिचा आवाज वाऱ्याच्या आवाजात बुडतो, परंतु जवळ असेल तर रात्री, गाव निजल्यावर, पात्याचा तो सपसप आवाज एकसारखा येत राहतो. कॅनडाच्या आरोग्य खात्याने १,२३८ घरांतील रहिवाशांची पाहणी करून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चक्कीच्या आवाजाचा आणि लोकांनी सांगितलेल्या आजारांचा वा निद्रानाशाचा संबंध त्या पाहणीत आढळला नाही; मात्र आवाज जसा वाढतो तसा लोकांचा त्रागा वाढतो, हे स्पष्ट आढळले. म्हणजे भिण्याचे कारण नाही, परंतु त्रास होतो म्हणणारा खोटे बोलतो असेही नाही. आपल्या केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत चक्की उभारू नये, असे म्हटले आहे. निवासी भागासाठी ध्वनीची मर्यादा २००० सालच्या नियमांनुसार दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. हे आकडे पाठ करून ठेवावेत. चक्की उभी राहिल्यावर अंतर मोजण्यात अर्थ नसतो. खुंट्या ठोकल्या जातात, तेव्हाच दोरी घेऊन जावे.

पशुपक्ष्यांविषयीही दोन शब्द. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी आपल्या चाळकेवाडीच्या पठारावरच निरीक्षणे केली आणि ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. जेथे चक्क्या आहेत तेथे शिकारी पक्षी सुमारे चौपटीने कमी, आणि ससाणे-घारींचे भय उरले नाही म्हणून सरडे अधिक व अधिक निर्धास्त, असे त्यांना दिसले. हा सरडा गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडून दाखवितो. २०१६ मध्ये त्याच्या कुळाला शास्त्रज्ञांनी नाव दिले ते ‘सरडा’ असेच, आपल्या मराठीतले. पठारावरची गवते, फुले व प्राणी यांची एक घडी बसलेली असते. वरचा एक दुवा सैल झाला की खालचे सगळे हलते. पवनऊर्जा प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पूर्व पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागत नाही आणि त्यामुळे जनसुनावणीही होत नाही. धूर नाही, सांडपाणी नाही, हे त्यामागचे कारण खरे आहे. परंतु माथ्यापर्यंत अवजड वाहने चढविण्यासाठी डोंगर फोडून जो रस्ता करतात, त्याला धूर नसला तरी माती वाहून जायची ती जातेच. पश्चिम घाटासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात भीमाशंकरनजीकच्या चक्क्यांच्या संबंधात वनहानी, मातीची धूप आणि गावकऱ्यांच्या वनहक्कांची अवहेलना यांची नोंद केली आहे. तो भाग कार्यकर्त्यांनी अवश्य वाचावा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, ती म्हणजे जमीन. पहिल्या लाटेत आपल्या गावांत काय झाले? चक्क्यांचे मालक बहुतेक दूरचे होते. गिरण्या, कारखाने व धनिक यांना आयकरात घसाऱ्याची मोठी सवलत मिळे. प्रारंभी पहिल्याच वर्षी शंभर टक्के, पुढे ऐंशी टक्के आणि २०१७ पासून चाळीस. म्हणजे चक्की फिरो न फिरो, पहिल्या वर्षीचा कर वाचे. या धनिकांची पायधूळ काही गावाला लागली नाही. गावात आला तो दलाल, आणि तोही बहुधा आपल्यातलाच कोणी, नात्यागोत्यातला. मुंबईत चाळीच्या खोलीत राहणाऱ्या चुलत्याकडे जाऊन तो म्हणे, “तात्या, तो खडक घेऊन काय करणार? सही करा, चहापाण्याचे सुटेल.” तात्यांनी वीस वर्षांत तो खडक पाहिलेला नव्हता. सही झाली. गावी राहणाऱ्या भावाला ते कळले तेव्हा बांधावर मशीन उभे होते.

अविभक्त जमिनीतील आपला हिस्सा विकण्याचा सहहिस्सेदाराला अधिकार आहे. परंतु एकाचा हिस्सा परक्याने घेतला की वाटपाचा दावा लावण्याची सोय त्याला मिळते, आणि मग उरलेल्या भावांना न्यायालयाची पायरी चुकत नाही. पठारावरच्या जमिनींवर एकेका उताऱ्यावर पंधरा-वीस नावे आहेत. त्यांत आपल्या लेकी-बहिणींचीही नावे हवीत. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा वाटा दिलेला आहे. माहेरी बोलावून, साडीचोळी करून, वाचून न दाखविलेल्या हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घ्यायचा, ही चाल आपल्या ज्ञातीत अजून आहे. हे ऐकायला कडू वाटेल, पण दलालाच्या आधी आपणच आपल्या बहिणीला फसवीत असू तर दलालाला नावे ठेवू नयेत.

कागदांविषयी सांगावयाचे ते असे. कुलमुखत्यारपत्र शक्यतो देऊच नये; देणे भागच पडले तर एका गटापुरते, एका कामापुरते द्यावे. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वये नोंदविलाच पाहिजे, नोटरीचा शिक्का पुरेसा नाही. फेरफाराची नोटीस आली की १५ दिवसांच्या आत तलाठ्याकडे लेखी हरकत घेता येते. मुंबईच्या जुन्या पत्त्यावर गेलेली नोटीस परत जाते आणि मुदत निघून जाते, म्हणून पत्ता बदलून घ्यावा. विकण्यापेक्षा भाडेपट्टा बरा, असे माझे मत आहे, कारण चक्कीचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचे आणि जमिनीचे त्याहून पुष्कळ अधिक. पट्ट्यात भाडेवाढीचा टप्पा लिहून घ्यावा, रस्त्याची रुंदी लिहून घ्यावी, आणि मुदत संपल्यावर मनोरा व काँक्रीटचा चौथरा कोणी, किती दिवसांत, कोणाच्या खर्चाने उचलायचा हेही लिहून घ्यावे. शेतावरून ६६ के.व्ही. अथवा त्याहून अधिक दाबाची वाहिनी जात असेल तर केंद्राच्या जून २०२४ च्या सूचनांत मनोऱ्याखालील जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के व तारांखालील पट्ट्यासाठी ३० टक्के मोबदला सांगितला आहे. आपल्याकडे काय लागू आहे, ते प्रांताधिकाऱ्यांच्या कचेरीत लेखी विचारावे.

हे सारे आताच का, असे कोणी विचारील. पहिल्या लाटेतील चक्क्यांचे आयुष्य संपत आले आहे. जुन्या, लहान चक्क्या काढून त्या जागी मोठ्या बसविण्याचे धोरण केंद्राने २०१६ मध्ये आणले व डिसेंबर २०२३ मध्ये ते सुधारले. पात्याची लांबी दुप्पट केली की ते कापीत असलेले वर्तुळ चौपट होते, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातील शक्ती आठपट होते. चांगल्या वाऱ्याच्या उत्तम जागा सर्वांत आधी अडविल्या गेल्या आणि त्यांवर बसली ती सर्वांत लहान यंत्रे. त्या जागांचे मोल आज पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक आहे. १९९९ च्या आसपास ज्यांनी कवडीमोलाने सह्या केल्या, त्यांच्या शेजारच्या गटांना आता रुंद रस्त्यासाठी, नव्या चौथऱ्यासाठी मागणी येईल. दहा पिढ्यांत एखाद्या वेळी असा सौदा दारी चालून येतो.

पैसा येतो तेथे गुंडही येतात, याचे भान ठेवावे. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, तिच्या तपासात पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचा विषय पुढे आला. म्हणून एकट्यादुकट्याने ना सौदा करावा, ना भांडण. ग्रामसभेत विषय घ्यावा आणि ठराव इतिवृत्तात लिहून घ्यावा. त्या सभेत आपल्या ज्ञातीपुरते पाहू नये. वारा सगळ्या वाड्यांवरून वाहतो आणि रस्ताही सगळ्यांच्या शेतांतून जातो.

पवनचक्कीस माझा विरोध नाही. कोळसा न जाळता वीज मिळते, ही लहान गोष्ट नव्हे. मार्च २०२५ अखेर देशातील पवनऊर्जेची क्षमता ५० हजार मेगावॉटवर गेली, याचा मला आनंदच आहे. माझे म्हणणे एवढेच की, पहारेकऱ्याची नोकरी आणि मंदिराला रंग एवढ्यावर गावाची बोळवण होऊ नये.

मंडळाने माझी एक विनंती मान्य केली आहे. आपल्या ज्ञातीतील दोन वकील व एक निवृत्त मंडळ अधिकारी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी संस्थेच्या कार्यालयात बसतील आणि सभासदांचे जमिनीचे कागद विनामूल्य वाचून देतील. सही करण्यापूर्वी यावे. येताना सात-बारा, फेरफार व पूर्वीचा करार असल्यास त्याची प्रत आणावी. मूळ कागद घरीच ठेवावेत, प्रत पुरेशी आहे.