लाल रेघेचा शिरा
(पालक मेळाव्यातील भाषण)



आपण मला 'यशस्वी माजी विद्यार्थी' म्हणून बोलायला उभे केले आहे. म्हणून आधी एका अपयशाची कबुली देतो.

आठवीच्या सहामाहीत बीजगणितात मला १०० पैकी २८ गुण पडले. पास व्हायला ३५ हवेत. गुरुजींनी २८ च्या खाली लाल रेघ ओढली होती. वडील बोटीवर नोकरीला, त्यामुळे प्रगतिपुस्तकावरील सहीचा मान अम्मीचा. ती रोज पहाटे कुरआन शरीफ वाचायची, पण मराठी अक्षराशी तिची ओळख नव्हती. सवयीप्रमाणे तिने प्रगतिपुस्तक उजवीकडून उघडले आणि विचारले, "ही लाल रेघ कसली रे?"

"गुरुजी खूश झाले की ओढतात," मी म्हणालो.

अम्मीने अंगठा उठवला आणि साजूक तुपातला शिरा केला. शेजारच्या चार घरी बशा गेल्या. माझ्या घशाखाली मात्र घास उतरेना. तेवढ्यात सातवीतली धाकटी बहीण आली, पुस्तक पाहिले आणि ओरडली, "अम्मी, हा नापास आहे!"

पुढचे सांगत नाही. अम्मीच्या हातात अजून उलथणे होते, एवढेच सांगतो.

पण मित्रहो, त्याच वर्षी बहिणीची शाळा सातवीनंतर बंद करायचे घरात जवळजवळ ठरले होते. त्या रात्री अम्मीने वडिलांना पत्र लिहून घेतले, तेही बहिणीकडूनच. "मुलीला शाळेतून काढणार नाही. घरात एक तरी खरे वाचून दाखवणारे माणूस हवे. नाहीतर हा नापास होत राहील आणि मी शिरा वाटत राहीन."

बहीण पुढे गणिताची शिक्षिका झाली.

पालकहो, कुरआनात पहिला आदेश उतरला तो वाचण्याचा. सावित्रीबाई फुल्यांनी १८५६ साली जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांच्या सहकारी फातिमा यांचे नाव येते. तेव्हा मुलींचे शिक्षण हे आपल्याकडे कालपरवा आलेले खूळ नव्हे.

विद्यार्थ्यांनो, आता निकाल मोबाइलवर येतो. माझी युक्ती तुमच्या कामाची नाही.

आणि पालकहो, सही करण्यापूर्वी वाचा. वाचता येत नसेल तर मुलीला हाक मारा. त्यासाठी आधी तिला शाळेत ठेवा. शिरा जरूर करा, फक्त रेघेचा रंग पाहून करा.

खुदा हाफिज.