अंगात कसर असताना

इंग्रजी भाषेत ‘इनडिस्पोझ्ड’ असा एक शब्द आहे. ज्याची प्रकृती किंचित बिघडली आहे त्यालाही तो लावतात, आणि एखाद्या कार्याकडे ज्याच्या मनाचा कल नाही त्यालाही लावतात. त्याच्या मुळाशी मांडणी विसकटल्याची कल्पना आहे. फारसीतून आलेल्या ‘नासाज’ या शब्दातही जुळणी बिघडल्याचाच भाव आहे, आणि जो स्वतःच्या ठायी नाही त्याला संस्कृत ‘अस्वस्थ’ म्हणते. सुश्रुतसंहितेने निरोगी माणसाचे लक्षण सांगताना दोष, अग्नी आणि धातू यांच्या समतेबरोबर मनाची प्रसन्नताही आवश्यक मानली, ती याच जाणिवेने.

आपली मराठीही या बाबतीत संपन्न आहे. अंगात कसर असते, कणकण येते, अंग मोडून येते, कसेसेच होते. आणि नकोसे काम पुढे आले, की ते ‘जिवावर येते’, म्हणजे अनिच्छेचा भारही आपण जिवावरच घालतो. काम टाळणारा ‘अंग चोरतो’ आणि दुखणे दडवून राबणारा ते ‘अंगावर काढतो’. माझे सांगणे एवढेच, की पहिल्या आरोपाच्या भयाने कित्येक प्रामाणिक माणसे दुसरा मार्ग पत्करतात.

मराठी–इंग्रजी कोशाचे कर्ते मोल्सवर्थ यांनी 1831 साली आपला ग्रंथ सिद्ध केला. परंतु प्रकृती ढासळल्यामुळे 1836 साली त्यांना स्वदेशी परतावे लागले, आणि इंग्रजी–मराठी कोशाचे काम त्यांचे सहकारी कँडी यांनी 1847 साली तडीस नेले. मोल्सवर्थ 1851 साली पुन्हा या देशात आले आणि 1857 साली आपल्या कोशाची सुधारलेली आवृत्ती त्यांनी प्रसिद्ध केली. त्या दीर्घ विरामाला अंगचोरपणा कोण म्हणेल?

आपल्या रायपुरात वैशाख-ज्येष्ठाचे ऊन पेटले, की या गोष्टीचे महत्त्व विशेष जाणवते. घरातील वृद्ध आजी ‘कसेसेच होते आहे’ म्हणतात, अंगणातील कामकरी बाई छत्तीसगढीत ‘बने नइ लागत हे’ म्हणते, आणि आपण ताप नाही एवढे पाहून निश्चिंत होतो; वास्तविक ऊन लागण्याचा आरंभ पुष्कळदा अशाच मळमळीने, डोकेदुखीने आणि निरुत्साहाने होत असतो. अशा वेळी प्रथम सावलीत बसवावे, पाणी, कैरीचे पन्हे द्यावे, अंग ओल्या कापडाने पुसावे, आणि भान हरपू लागले तर क्षणाचाही विलंब न करता दवाखाना गाठावा.

कचेरीतील रजेच्या अर्जात ‘प्रकृती बरी नाही, सबब रजा मंजूर व्हावी’ असे लिहिणाऱ्याकडे वरिष्ठाने संशयाने पाहू नये, आणि मन नसेल तेव्हा अर्जदारानेही प्रकृतीची ढाल पुढे करू नये. कारण खोट्या सबबी वाढल्या, की खऱ्या दुखण्यावरचा विश्वास उडतो आणि त्याचे प्रायश्चित्त शेवटी आजाऱ्याला भोगावे लागते.