दिलेला शब्द आणि साठलेले पाणी



वसंत व्याख्यानमालेत बोलण्यासाठी आम्हांला बोलावणे आले, तेव्हा आनंद झाला आणि धास्तीही वाटली. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात ही प्रथा सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. आमचे शिक्षण म्हणाल तर इयत्ता नववी. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर, कामगार कचेरीच्या बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा आमच्या बोलण्यात विद्वत्ता कमी आणि हिशेब जास्त आढळला, तर सांभाळून घ्यावे ही विनंती.

विषय आहे धरणांच्या आश्वासनांचा आणि त्या आश्वासनांवर आपली लोकसभा व विधानसभा जी देखरेख ठेवतात तिचा. कोणी म्हणेल, विषय कोरडा आहे. विषय पाण्याचा असूनही कोरडा का राहिला, हेच आम्हांला सांगावयाचे आहे.

आरंभ आमच्या स्वतःच्या एका फजितीने करतो. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात बोनसची थकबाकी राहिली होती. व्यवस्थापक मोठे गोड बोलणारे गृहस्थ. बैठकीत म्हणाले, "दिवाळीनंतर बघू या, तुमचे नुकसान होऊ देणार नाही." आम्ही तडक फाटकावर गेलो आणि कामगारांना सांगितले, जिंकलो! कोणी पेढे वाटले, कोणी गुलाल उधळला. दिवाळी गेली, संक्रांत गेली. विचारावयास गेलो तर साहेब म्हणाले, "मी बघू या म्हणालो होतो, देऊ या असे कुठे म्हणालो?" बैठकीचे इतिवृत्त काढून पाहिले, तर त्यात 'बघू या' एवढेही नव्हते. ज्या कामगाराने त्या पैशाच्या भरवशावर मुलीचे लग्न ठरवले होते, त्याने आम्हांला एकच प्रश्न विचारला : "भाऊ, तुम्ही लिहून का नाही घेतले?"

ह्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या दिवसापासून आम्ही एक वही घातली. तिला चार रकाने : कोण बोलले, केव्हा बोलले, नेमके कोणते शब्द बोलले आणि मुदत कोणती दिली. संघटना म्हणजे मोर्चा आणि घोषणा असे लोकांना वाटते. आमच्या मते संघटना म्हणजे ही वही होय.

आता मौज अशी की, आपल्या लोकसभेने अशीच वही 1953 सालीच घातली आहे आणि आपल्यापैकी फारच थोड्यांना तिची वार्ता आहे. त्यापूर्वी मंत्र्याने सभागृहात शब्द दिला, तर त्याचा पाठपुरावा ज्या त्या सदस्याने आपापल्या परीने करावा अशी रीत होती. सदस्य विसरला, आजारी पडला किंवा निवडणुकीत पडला, की त्याच्याबरोबर आश्वासनही पडे. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर ह्यांच्या काळात, 1 डिसेंबर 1953 रोजी, सरकारी आश्वासनांविषयीची समिती स्थापन झाली. राज्यसभेने 1972 साली आपली समिती नेमली. आपल्या महाराष्ट्र विधिमंडळातही आश्वासन समिती आहे.

ह्या समितीचे काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. लोकसभेच्या समितीत पंधरा सदस्य असतात आणि मंत्र्याला तीत जागा नसते. ज्याने शब्द दिला त्यानेच तो तपासावयाचा नाही, ही साधी गोष्ट. मंत्र्याच्या कोणत्या बोलण्याला आश्वासन म्हणावे, ह्याची एक यादीच करून ठेवलेली आहे. "विषय विचाराधीन आहे", "मी ह्यात लक्ष घालीन", "माहिती गोळा करण्यात येत आहे, ती सभागृहापुढे ठेवण्यात येईल", "राज्य सरकारांना लिहीत आहोत", अशी वाक्ये त्या यादीत आहेत. म्हणजे आमच्या त्या व्यवस्थापकांचे "बघू या" सुद्धा तेथे सुटले नसते! अशी वाक्ये कामकाजातून वेचून काढतात, संबंधित खात्याला कळवतात आणि तीन महिन्यांत त्यांची पूर्तता करून अहवाल पटलावर ठेवावा असा दंडक आहे. न जमल्यास खात्याला मुदतवाढ मागावी लागते किंवा आश्वासन वगळण्याची विनंती करावी लागते, आणि त्यासाठी कारण द्यावे लागते. समिती खात्याच्या सचिवांना समोर बसवून जाब विचारू शकते.

इतकी चांगली व्यवस्था असूनही धरणाचे पाणी शेतात का पोचत नाही? ह्याला काही कारणे आहेत आणि ती समजून घेतल्यावाचून नुसता संताप करण्यात अर्थ नाही.

पहिले कारण, समितीची वही सभागृहातल्या शब्दांपुरती आहे. भूमिपूजनाच्या मांडवातला शब्द, प्रचारसभेतला शब्द, हे तिच्या हिशेबात येत नाहीत. 2015 साली महापालिकेच्या निवडणुकीच्या तोंडावर कल्याण-डोंबिवलीसाठी साडेसहा हजार कोटींचे पॅकेज जाहीर झाले होते. ते आपणा सर्वांच्या स्मरणात असेल. मांडवातल्या घोषणेची नोंद फक्त वर्तमानपत्राच्या रद्दीत राहते.

दुसरे कारण, पाणी हा घटनेप्रमाणे मुख्यतः राज्यांचा विषय. दिल्लीत विचारले तर म्हणतात राज्याला विचारा, राज्यात विचारले तर म्हणतात केंद्राकडून निधी यावयाचा आहे. विदर्भातला गोसीखुर्द प्रकल्प पाहा. 1988 साली त्याची पायाभरणी झाली तेव्हा खर्चाचा अंदाज होता 372 कोटी रुपयांचा. 2009 साली तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. 2016 पर्यंत अंदाज अठरा हजार कोटींच्या वर गेला. त्याच सुमारास देशातले 99 रखडलेले सिंचन प्रकल्प निवडले गेले, त्यांत 26 महाराष्ट्रातले, आणि डिसेंबर 2019 पर्यंत ते पुरे करू असे ठरले. ती तारीख उलटून गेली तेव्हा त्यांतले बरेच प्रकल्प अपुरेच होते. आमच्या राज्याचा अनुभवही वेगळा नाही. 2012 साली, दहा वर्षांत सिंचनाखालचे क्षेत्र जेमतेम 0.1 टक्क्याने वाढल्याचे आकडे पुढे आले. आकड्यांवर वाद झाला, त्याच वर्षी श्वेतपत्रिका निघाली, पुढे माधवराव चितळे ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. श्वेतपत्रिका वाचणाराला रुपये सापडतात. शेतकऱ्याला मात्र कालव्याचे पाणीच सापडावे लागते.

तिसरे कारण आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि ते पाहण्यासाठी नागपूर-दिल्लीला जावयास नको. आपला ठाणे जिल्हा पुरे आहे.

कोणतेही धरण घ्या. त्याच्या पायात तीन आश्वासने गाडलेली असतात. एक शहराला : तुमच्या नळाला पाणी येईल. दुसरे शेतकऱ्याला : तुमच्या शेताला कालवा येईल. तिसरे ज्याचे घरदार बुडते त्याला : तुमचे पुनर्वसन होईल. बोलताना ही तीनही एका दमात बोलली जातात. पाळताना मात्र क्रम ठरलेला असतो. पहिले आधी पाळले जाते, दुसरे अर्धवट पाळले जाते, तिसऱ्यासाठी अर्ज करावे लागतात.

शहापूर तालुक्याचे उदाहरण घ्या. तानसा धरण 1892 सालचे, मोडकसागर 1957 चे, भातसा त्यानंतरचे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा साठा 14 लाख 47 हजार दशलक्ष लिटर धरतात. त्यांपैकी 7 लाख 17 हजार, म्हणजे जवळजवळ निम्मा, एकट्या भातशाचा. भातसा हे नुसते मुंबईच्या पाण्याचे धरण म्हणून बांधलेले नाही. शहापूर-भिवंडीकडच्या शेतीला कालव्यांनी पाणी द्यावयाचे, हे त्याच्या योजनेतच होते. मुंबईची जलवाहिनी पुरी झाली, पाणी वाहू लागले. कालव्यांची कामे मात्र वर्षानुवर्षे रेंगाळली. आमची एक आत्या त्या तालुक्यात दिलेली. तिच्या पाड्यापासून हाकेच्या अंतरावरून मोठी जलवाहिनी जाते. चैत्र-वैशाखात बायका त्या नळाच्या सावलीत हंडे घेऊन टँकरची वाट पाहत बसतात. आत्या म्हणायची, "बाबा, नळाला कान लावला की पाणी ऐकू येतं." तेवढेच तिच्या वाट्याला आले.

सूर्या प्रकल्पाचे तेच. आज तो पालघर जिल्ह्यात येतो. 2014 पूर्वी तोही आपल्याच जिल्ह्यात होता. डहाणू-पालघरकडच्या शेतीच्या सिंचनासाठी बांधलेल्या ह्या धरणाचे पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे वळले. शहरांना पाणी नको असे कोण म्हणेल? पण ज्या शेताला आधी शब्द दिला होता, त्या शेताला विचारून ते वळले काय?

आणि आता आपल्या घरातले उदाहरण, बारवी. औद्योगिक विकास महामंडळाने 1972 साली बांधलेले हे धरण. डोंबिवलीची औद्योगिक वसाहत, तिचा निवासी भाग आणि भोवतालची गावे ह्यांना त्याचे पाणी येते. ज्या कारखान्यांत आम्ही उमेदीची वर्षे काढली, त्यांची यंत्रे ह्याच पाण्यावर थंड होत. धरणाची उंची वाढवली आणि 2019 च्या पावसाळ्यात वाढीव पातळीपर्यंत पाणी चढले. तोंडली, मोहघर अशा गावांच्या घराशेतांत ते शिरले. कुटुंबातील एकाला नोकरी देऊ असा शब्द होता. पाणी वेळेवर चढले. नोकरीची वाट मात्र कित्येकांना त्यानंतरही पाहावी लागली.

पण बारवीत एक गोष्ट चांगली घडली आणि तीही सांगितली पाहिजे. ज्या महापालिकांना वाढीव पाणी मिळणार, त्यांनीच धरणग्रस्तांना नोकरीत घ्यावे, असा निर्णय झाला. उशिराने का होईना, नेमणुका झाल्या. म्हणजे पाणी आणि पुनर्वसन ही एकाच कागदावर आणता येतात. हे होऊ शकते, हे बारवीने सिद्ध केले आहे.

सरकारच्या बाजूनेही बोलावयास हवे. प्रत्येक विलंब म्हणजे लबाडी नव्हे. जमीन मिळत नाही, निधी पुरत नाही, वनखात्याची परवानगी लागते. मुरबाड तालुक्यातल्या काळू धरणाचे काम 2012 साली उच्च न्यायालयाने थांबवले, ते वनखात्याची परवानगी नसतानाच काम सुरू झाले होते म्हणून. पण ह्याचाच अर्थ असा की, परवानगीच्या आधी भिंत उभी करण्याची घाई होते आणि भिंतीच्या आधी पुनर्वसन करण्याची घाई कधी होत नाही. कोयनेचे धरण साठ वर्षांपूर्वी झाले. तिथले विस्थापित ठाणे-रायगडपर्यंत येऊन वसले, आणि त्यांच्या नातवंडांना अजून कागद घेऊन कचेऱ्यांत जावे लागते.

कामगारांच्या करारात असे चालत नाही. सरकारी कामगार अधिकाऱ्यासमोर सह्या झाल्या, की तो करार अखंड असतो. उत्पादन वाढवण्याचे कलम आजपासून आणि पगारवाढीचे कलम पुढे बघू, असे मालकाला म्हणता येत नाही. धरणाचा करार मात्र तुकड्या-तुकड्यांनी मोडला जातो, कारण त्याचे तीन पक्ष एकमेकांना ओळखत नाहीत. शहरवाला शेतकऱ्याला ओळखत नाही, शेतकरी धरणग्रस्ताला ओळखत नाही. समितीच्या वहीतही ती आश्वासने वेगवेगळ्या पानांवर, वेगवेगळ्या खात्यांच्या नावे पडतात. एक पान पुरे झाले की शाबासकी मिळते. उरलेली दोन पाने मुदतवाढ मागत राहतात.

मग करावयाचे काय? आम्ही तीन गोष्टी सुचवतो.

पहिली : मांडवातला शब्द सभागृहात न्यावा. धरणाविषयी कोणी घोषणा केली, की आपल्या आमदारांना गाठावे आणि त्याच घोषणेवर तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना देण्यास सांगावे. उत्तरात मंत्री जे म्हणतील, त्याची आश्वासन म्हणून नोंद होऊ शकते. आमदार आपल्याला लग्नाला, बारशाला, गणपतीला बोलावता येतात. प्रश्न विचारण्यासाठीही एकदा बोलावून पाहावे.

दुसरी : नळ, कालवा आणि पुनर्वसन ह्या तिन्हींच्या तारखा एकाच उत्तरात मागाव्या, आणि शेवटच्याची पूर्तता झाल्याशिवाय पहिल्याला 'पूर्ण' म्हणू नये, असा आग्रह समितीपुढे धरावा.

तिसरी : गावोगावी, वाचनालयांत, संघटनांत अशी चार रकान्यांची वही असावी. 2005 पासून माहितीचा अधिकार आपल्या हाती आहे. सरकारी कागद मागता येतो. समितीला शिक्षा करता येत नाही, तिचे शस्त्र उजेड हेच आहे. पण उजेड पाडून पाहणारेच कोणी नसेल, तर दिवा लावून उपयोग काय?

शेवटची गोष्ट बोलावी की न बोलावी, असा विचार आम्ही घरून निघताना केला. ती बोलतोच. आपण सारे, ठाण्याचे, कल्याणचे, डोंबिवलीचे, ह्या व्यवहारात तिऱ्हाईत नाही. आम्ही आयुष्यभर मालकाने शब्द मोडला म्हणून ओरडलो. पण बारवी-भातशाच्या काठी उभे राहिलो, की आमच्या ध्यानात येते, येथे ज्याच्या पदरात माल आधीच पडला आहे ते आम्हीच आहोत. गावाला दिलेला शब्द मोडला गेला तेव्हा आमचा नळ चालू होता, आणि आम्ही काही विचारले नाही. मागे त्या कामगाराने आम्हांला विचारले होते, लिहून का नाही घेतले? उद्या आत्याच्या पाड्यावरचे कोणी पोर विचारील, तुम्ही पाणी प्यायलात, मग आमच्या बाजूने एक प्रश्न का नाही विचारला?

त्या वेळी तरी आपल्यापाशी उत्तर असावे, एवढीच इच्छा आहे.