बातुमीची दुसरी मशीद

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षी मी आठ दिवस जॉर्जियातल्या बातुमी शहरात होतो, म्हणून आज मला बोलायला उभं केलंय. तुमच्यातल्या काहींना हे नाव माहीत असेल. आपल्याकडची बरीच मुलंमुली डॉक्टरकी शिकायला जॉर्जियात जातात, त्यातली काही बातुमीत असतात. बाकीच्यांसाठी सांगतो. काळ्या समुद्राच्या काठावरचं हे शहर अजारा या स्वायत्त प्रांताची राजधानी आहे. तिथून दक्षिणेला पंधरा-वीस किलोमीटर गेलं की सार्पी गाव लागतं, आणि तिथेच तुर्कस्तानची हद्द आहे.

पर्यटक म्हणून जाल तर शहर देखणं आहे. समुद्राला लागून लांबच लांब बुलेव्हार्ड, उंच हॉटेलं, आणि कॅसिनो. तुर्कस्तानात कॅसिनोंना बंदी असल्यामुळे तिकडचे शौकीन हद्द ओलांडून इथे येतात. पाऊस मात्र कोकणातल्या माणसालाही वैताग आणेल असा, वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास. आणि तो चार महिन्यांत आटपत नाही, बारा महिने येत राहतो. किनाऱ्यावर अली आणि निनो यांचा पुतळा आहे. एक अझरबैजानी मुस्लिम तरुण, एक जॉर्जियन ख्रिश्चन तरुणी; एका कादंबरीतली जोडी. धातूच्या या दोन आकृती संध्याकाळी एकमेकींकडे सरकतात, एकमेकींतून आरपार जातात आणि दूर होतात. लोक फोटो काढतात, मीही काढले.

पण मला बोलायचं आहे ते तिथल्या मुसलमानांबद्दल. २०१४ च्या जनगणनेनुसार अजारात सुमारे ४० टक्के लोक मुस्लिम आहेत. हे लोक बाहेरून आलेले नाहीत, तुर्कही नाहीत. ते जॉर्जियन आहेत, घरात जॉर्जियन बोलतात. उस्मानी राजवटीच्या काळात त्यांच्या पूर्वजांनी इस्लाम स्वीकारला. १८७८ मध्ये बातुमी रशियाकडे गेलं, तेव्हा हजारो कुटुंबं मुहाजिर होऊन उस्मानी मुलुखात निघून गेली. जी राहिली, त्यांची ही पुढची पिढी.

आता तिथला सर्वसाधारण समज असा की जॉर्जियन म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन. त्यामुळे जॉर्जियन मुसलमान हा शब्दच अनेकांना विचित्र वाटतो. ‘म्हणजे तुम्ही तुर्क का?’ असं त्यांना त्यांच्याच गावात विचारलं जातं. ऐकून तुम्ही हसलात, कारण हा प्रश्न तुमच्या ओळखीचा आहे. ‘तुम्ही मुस्लिम असून मराठी किती छान बोलता!’ हे वाक्य या हॉलमध्ये न ऐकलेला एक तरी जण आहे का? म्हणणारा कौतुकानेच म्हणतो. पण भाषा त्याची, आणि आपण ती चांगली शिकलो, असं त्याच्या मनात असतं.

बातुमीत जुमा मशीद म्हणावी अशी एकच जुनी मशीद उरली आहे. ओर्ता जामे, म्हणजे मधली मशीद. बाकीच्या जुन्या मशिदी राहिल्या नाहीत. शुक्रवारी आत जागा पुरत नाही. सफा रस्त्यावर येतात, आणि पाऊस असला तर पावसातच नमाज होते. रस्त्यावर नमाज म्हटलं की आपल्याकडे काय वाद होतात ते मी सांगायला नको. तिथेही लोक कुरकुरतात. दुसरी मशीद बांधू द्यायची नाही आणि रस्त्यावर आलात म्हणून नाकही मुरडायचं, असा तो प्रकार आहे.

या मागणीचं काय झालं ते नीट ऐका. दहा-बारा वर्षांपूर्वी एक तोडगा दोन सरकारांच्या चर्चेत होता. तुर्कस्तानच्या हद्दीत जुनी जॉर्जियन चर्च आहेत, त्यांची डागडुजी तुर्कस्तानने होऊ द्यावी. बदल्यात बातुमीत उस्मानी काळातली अझिझिये मशीद पुन्हा उभी राहावी. वरवर पाहता सौदा समंजस वाटतो. मला तो घातक वाटतो. बातुमीच्या नागरिकाचा आपल्या शहरात प्रार्थनेचा हक्क, आणि त्याचा भाव अंकारात ठरणार? असा सौदा झाला की ‘तुम्ही तुर्कांचे’ म्हणणाऱ्याच्या हाती आयताच पुरावा जातो. जॉर्जियात या योजनेला जोरदार विरोध झाला आणि ती बारगळली.

नंतर स्थानिक मुसलमानांनी वेगळी वाट धरली. हजारो सह्या गोळा केल्या, वर्गणी काढून स्वतः जमीन विकत घेतली आणि पालिकेकडे रीतसर बांधकाम परवानगी मागितली. २०१७ मध्ये पालिकेने नकार दिला. कारण काय, तर तो भाग निवासी इमारतींसाठी आहे. तशाच निवासी भागात चर्चना मात्र परवानगी मिळालेली होती. लोक न्यायालयात गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये बातुमीच्या शहर न्यायालयाने निकाल दिला: नकार बेकायदेशीर आहे, आणि तो भेदभाव आहे. पण परवानगी द्याच, असा आदेश मात्र दिला नाही. पुढे वरच्या न्यायालयांत जाऊनही परवानगी हाती आली नाही. विकत घेतलेल्या जागेवर तात्पुरता निवारा उभारून लोक नमाज पढू लागले.

तुम्ही म्हणाल, मग मिळवलं काय? मला स्वतःला मशिदींच्या संख्येत फारसा रस नाही. मशीद बांधून झाल्यावर तिथे बायकांना जागा किती, विश्वस्त कोण, हिशेब कोण बघणार, हे प्रश्नही मी विचारीनच. पण आज मुद्दा तो नाही. त्यांनी ‘आम्ही मुसलमान, आम्हाला काहीतरी द्या’ असं म्हटलं नाही. शेजाऱ्याला जो नियम लावला तोच आम्हाला लावा, एवढंच म्हटलं. आणि या मागणीत काही बिगरमुस्लिम जॉर्जियन वकील आणि मानवी हक्क कार्यकर्ते त्यांच्या बाजूने उभे राहिले. दोन सरकारांच्या सौद्यात असं कोणी उभं राहिलं असतं असं मला वाटत नाही.

गंमत अशी की अजाराची स्वायत्तताच मुळी परक्यांच्या करारातून आली आहे. १९२१ च्या कार्स करारात तुर्कस्तानने बातुमीवरचा हक्क सोडला, तो तिथल्या लोकांना धार्मिक आणि सांस्कृतिक हक्क मिळावेत या अटीवर. पुढे सोव्हिएत राजवटीत मशिदी बंद पडल्या, काही पाडल्या गेल्या, आणि ती अट कागदावरच राहिली.

त्याच वर्षीच्या सीमेने सार्पी गावाचे दोन तुकडे झाले. मधून एक ओढा जातो. दोन्हीकडे लाझ लोक, भाषा एक, नातीगोती एक. पुढे सीमा कडक बंद झाली. घरात मयत झाली की बायका ओढ्याच्या काठी लाझ भाषेत मोठ्याने विलाप करायच्या आणि त्यातूनच पलीकडच्या नातेवाइकांना बातमी कळायची, असं तिथे सांगतात. रस्ता उघडला १९८८ मध्ये. आता तिथे पांढरा, वळणावळणांचा मनोरा असलेलं तपासणी नाकं आहे आणि ट्रकांची रांग. अलीकडून पाहिलं की पलीकडच्या किनाऱ्यावर मशिदीचा मिनार दिसतो.

तुमच्यापैकी कोणी तिथे शिकायला जाणार असेल तर बुलेव्हार्ड बघा, पनीर आणि अंडं घातलेली होडीच्या आकाराची खाचापुरी खा. पण एका शुक्रवारी दुपारी ओर्ता जामेपाशी जाऊन उभे राहा आणि लोकांशी बोला. आमच्याकडेही असंच विचारतात, हे त्यांना सांगा. आणि छत्री घेऊन जा.