उपवास वेगळा, उपाशीपोट वेगळं

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकारी ताईंनी केलेलं बोलणं. शक्यतो त्यांच्याच शब्दांत देत आहोत.)

कोलेस्टेरॉलच्या तपासणीला, म्हणजे कागदावर लिहितात त्या लिपिड प्रोफाइलला, बऱ्याच जणी चहा पिऊन येतात. मग "उद्या या" म्हणावं लागतं आणि आणखी एक दिवसाची मजुरी जाते. म्हणून हे आधीच सांगते.

उपाशीपोटी म्हणजे 9 ते 12 तास पोटात साधं पाणी सोडून काही नको. उपवास नव्हे! साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, केळं, दूध, हे उपवासाला चालतं, इथे चालत नाही. आणि उलटंही होतं. काही जणी पाणीसुद्धा पीत नाहीत. पाणी भरपूर प्या, नाहीतर शीर सापडत नाही आणि दोन-दोनदा टोचावं लागतं. चहा मात्र कोराही नको. सकाळची मिश्री, तंबाखूही रक्त देईपर्यंत बाजूला ठेवा. अवघड आहे, मला ठाऊक आहे.

एवढं कशासाठी? जेवल्यावर रक्तातली एक चरबी, ट्रायग्लिसराइड, काही तास वाढलेली राहते. कोलेस्टेरॉलमध्ये जेवणाने फारसा फरक पडत नाही, म्हणून काही डॉक्टर जेवूनही तपासणी करतात. पण तुम्हाला उपाशी यायला सांगितलं असेल तर तसंच या.

आता खरी अडचण रात्रीची. सकाळी आठला रक्त द्यायचं आणि बारा तास सांगितले असतील, तर रात्री आठला जेवण आटपायला हवं. आपण जेवतो सगळ्यांच्या शेवटी, साडेनऊ-दहाला, आणि झाकपाक करताना उरलेला घास तोंडात टाकतो तो वेगळाच. तेव्हा त्या रात्री तुम्ही आधी जेवा. सासूबाईंना सांगा, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. संकष्टी असेल तर चंद्रोदयानंतर जेवायला उशीर होतो, त्याच्या दुसऱ्या दिवसाची तपासणी धरूच नका.

जेवण नेहमीचं असू द्या. लग्नाची पंगत नको, आणि रिपोर्ट चांगला यावा म्हणून दोन दिवस तेल बंद करणंही नको. रिपोर्ट काही प्रदर्शनात लावायचा नाही. त्याच कारणाने, कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर "खरा आकडा कळू दे" म्हणून ती मनाने थांबवू नका. बीपीची गोळी रोजच्यासारखी पाण्याबरोबर घ्या.

साखरेवाल्यांनी नीट ऐका. साखरेची गोळी किंवा इन्शुलिन घेऊन उपाशी राहिलात तर साखर एकदम खाली जाते. त्या सकाळचं औषध कधी घ्यायचं हे डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारा. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथल्या तिथे साखर किंवा गूळ खा. तपासणी परत करता येते.

गरोदर बाईचं कोलेस्टेरॉल तसंही वाढलेलं असतं, ते आजारपण नाही. मोठं दुखणं किंवा ताप येऊन गेला असेल तरी आकडा बदलतो, म्हणून आधी सांगा.

कागदावर चार आकडे दिसतील. एकूण कोलेस्टेरॉल 200 च्या आत, ट्रायग्लिसराइड 150 च्या आत, एलडीएल 100 च्या आत बरं. एचडीएल मात्र बायकांमध्ये 50 च्या वर हवं. ते जास्त असलेलं चांगलं. एखादा आकडा वर गेला म्हणून घाबरू नका, आणि आपल्याआपण औषधही आणू नका. बीपी, साखर, तंबाखू, वय, घरात कुणाला हृदयविकार होता का, हे सगळं धरून डॉक्टर ठरवतात.

हा आजार पुरुषांचा असं समजू नका. पाळी गेल्यावर आपलं एलडीएल वाढतं. बाईला झटका येतो तेव्हा छातीत कळ येतेच असं नाही. दम लागतो, पाठ किंवा जबडा दुखतो, मळमळतं, आणि आपण पित्त म्हणून सोडा पितो. असं झालं तर 108 ला फोन लावा.

मागून मावशी विचारतायत, मग खायचं कधी? रक्त दिलं की लगेच. भाकरीचा डबा सोबतच आणा. जेवणानंतरची साखरही तपासायची असेल तर पहिला घास घेतलात ती वेळ लिहून ठेवा. तिथून दोन तासांनी दुसऱ्यांदा रक्त घेतात, तोवर घरी निघून जाऊ नका.