ट्रॉलीच्या फाळक्याच्या बिजागऱ्या वेळीच बदला



सोयाबीनची काढणी तोंडावर आली की आपण ट्रॅक्टरचं तेलपाणी पाहतो, टायरची हवा पाहतो. ट्रॉलीकडे मात्र कोणी बघत नाही. त्यातही मागच्या फाळक्याच्या बिजागऱ्या म्हणजे अगदीच दुर्लक्षित. फाळका नीट बसत नाही म्हणून दोघं जण खांद्यानं रेटतात, कडी लागत नाही म्हणून तारेनं आवळतात, आणि खेपा चालू राहतात. फटीतून दाणा रस्त्यावर गळतो हे नुकसान तर आहेच. पण लोखंडी फाळका उघडताना एका बाजूनं निसटला, तर खाली उभ्या असलेल्या माणसाचा पाय चेचतो. आणि माल उतरवायला तिथं बहुतेक घरचीच माणसं उभी असतात, बरं का.

बिजागरी झिजली हे ओळखणं सोपं आहे. ट्रॉली रिकामी करा. फाळका बंद असू द्या, कड्या लावलेल्या असू द्या. आता पहारीचं टोक बिजागरीजवळ फाळक्याच्या खालच्या कडेला घालून हलकेच उचला. दोन-तीन मिलिमीटर जरी फाळका वर आला, तरी आतली पिन किंवा नळी खाल्ली गेली असं समजा. मग फाळक्याखाली लाकडी ठोकळे देऊन पिन बाहेर काढून पाहा. नवी पिन सरळ असते. झिजलेलीला मधोमध कंबर आलेली दिसते. नळीचं भोक गोल न राहता लांबट झालेलं असतं.

पुष्कळ जण इथंच फसतात. नुसती पिन बदलतात. लांबट भोकात नवी पिन घातली तर ती पहिल्या दिवसापासून खुळखुळते आणि एका हंगामात पुन्हा कामातून जाते. कोणी पिनेऐवजी पूर्ण आट्याचा बोल्ट घालतात, कोणी घर बांधताना उरलेली पिळाची सळई. आटे काय किंवा पिळाच्या कडा काय, नळीच्या आत कानशीसारख्या चालतात. पिन गुळगुळीत, गोल, साध्या पोलादाचीच हवी. आपल्याकडच्या ट्रॉलीला पाच सुती, म्हणजे सुमारे १६ मि.मी. जाडीची पिन सहसा पुरते. पिन आणि नळी दोन्ही बरोबरच घ्या आणि दुकानातच एकमेकांत घालून पाहा. हातानं सरकली पाहिजे, ठोकावी लागता कामा नये. पण डुगडुगताही कामा नये. एक बिजागरी गेली असेल तर बाकीच्यांवर जास्तीचा भार आलेला असतो, म्हणून सगळ्या एकदम बदलाव्यात हे माझं मत. वेल्डरला दोनदा बोलावण्यापेक्षा ते स्वस्तच पडतं.

काम वेल्डरच करणार, पण मालकानं शेजारी उभं राहावं. ट्रॉली सपाट जागी लावा, पुढचा दांडा पक्क्या टेकणावर ठेवा, चाकांना दोन्हीकडून दगड द्या. ट्रॅक्टर सोडून लांब न्या. वेल्डिंगच्या अर्थिंगचा चिमटा जोडायच्या जागेजवळच लावायला सांगा. तो लांब कुठंतरी चाकाच्या बाजूला लावला तर करंट बेअरिंगमधून जाऊन बेअरिंग खराब होऊ शकतं. बॉडीच्या फटींतला भुसा, काडीकचरा झाडून काढा, टायरवर ओलं पोतं टाका, पाण्याची बादली जवळ ठेवा. काम संपल्यावर अर्धा तास तिथंच थांबा. भुशातली ठिणगी लगेच दिसत नाही.

जस्ताचा मुलामा दिलेली पाण्याची नळी बिजागरीला वापरू नका. जोडताना तिचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला तर रात्री हुडहुडी भरून ताप येतो. साधी काळी, जाड नळी बरी.

जुन्या बिजागऱ्या कापताना फाळका बंदच ठेवा, दोरानं बॉडीला बांधा, खाली ठोकळे द्या आणि एका वेळी एकच बिजागरी काढा. म्हणजे फाळका जागचा हलत नाही. बॉडीचा पत्रा जिथं गंजून पातळ झाला असेल तिथं त्यावरच बिजागरी चिकटवू नका. ती पत्र्यासकट उपटून येईल. आधी गंज कापून जाड पट्टी जोडून घ्या. आता सगळ्यात महत्त्वाचं. सगळ्या नळ्या एका सरळ रेषेत आल्या पाहिजेत. त्यासाठी एकच लांब सरळ गज सगळ्या नळ्यांतून आरपार घाला, आणि मग वेल्डरला फक्त टाके मारू द्या. गज काढून पिना घाला, फाळका चार-पाच वेळा उघडून मिटून पाहा. कुठं अडला तर टाका तोडून सुधारता येतो. पूर्ण जोड मारल्यावर नाही. पक्का जोड मारतानाही एका बिजागरीवर थोडं, दुसरीवर थोडं असं आलटून-पालटून घ्या, नाहीतर उष्णतेनं पट्टी वाकते. पिनेच्या टोकाला वायसर आणि स्प्लिट पिन हवीच. तिथं वाकवलेला खिळा चालणार नाही. जोड थंड झाल्यावर रेड ऑक्साइड लावा, नळीच्या आत मात्र रंग जाऊ देऊ नका.

पुढं निगा थोडीच आहे. पिनेला पंधरवड्यातून चार थेंब तेल पुरे. फार तेल घातलं तर धूळ चिकटून त्याचा घासणारा गारा होतो. खत किंवा शेणखत वाहिल्यावर बिजागऱ्या पाण्यानं धुवा, कारण खताच्या क्षारानं लोखंड लवकर खातं. फाळका लोंबता ठेवून रस्त्यानं जाऊ नका. प्रत्येक खड्ड्याला तो बिजागरीवर आपटतो, शिवाय त्यावरचे लाल रिफ्लेक्टर झाकले जाऊन रात्री मागच्या वाहनाला ट्रॉली दिसत नाही.

उघडताना फाळक्यासमोर कधीही उभं राहू नये. बाजूला उभं राहून आधी एक, मग दुसरी कडी सोडावी; भरलेल्या मालाचा दाब आतून असतोच. पहिल्या दहा-बारा खेपांनंतर जोडांवर एकदा नजर टाका. रंगावर केसासारखी रेघ दिसली तर ती चीर समजा आणि पुढची खेप भरण्याआधी ट्रॉली वेल्डरकडे न्या.